गाठीतला केस

बरणीवाल्याचा स्वतःच्या सावलीवरही भरवसा नव्हता. चिनी मातीच्या बरण्या तो दूरच्या शहरातल्या एका दुकानात विक्रीला ठेवायला पाठवायचा. तिथे अख्खं खोकंच विकलं जायचं; खपलं नाही तर बांधलेलं तसंच परत यायचं. दुकानदार आतला माल बदलतो, या शंकेनं त्याच्या डोक्यात घर केलं होतं. म्हणून खोक्याची दोरी आवळताना तो शेवटच्या गाठीत आपल्या डोक्यावरचा एक पांढरा केस अडकवायचा, आणि मगच टेंपो आणायला जायचा.

परवा एक खोकं न खपता परत आलं. त्यानं चष्मा चढवून गाठ पाहिली आणि उडालाच. केस होता, पण हातभर लांब.

"बघ, सापडला चोर! मी म्हणत नव्हतो?" तो बायकोवर ओरडला. "खोकं उघडलं लबाडानं, वर केसही लावून ठेवला! कुणी बाई ठेवलीय त्यानं दुकानात."

बायको भांडी विसळत होती. "दुकानात नाही, घरातच आहे ती बाई," ती म्हणाली. "तुम्ही पेंढा घालता चिमूटभर. टेंपो आणायला गेलात की मी खोकं सोडते, नीट पेंढा भरते, परत बांधते. तुमचा केस दर वेळी सापडतोच असं नाही."

आपण बांधलेल्या खोक्यात आजवर एक बरणी फुटली नाही, हे तो गावभर छाती फुगवून सांगत आला होता.

त्यानं दबक्या आवाजात विचारलं, "हे तू कुणाला बोलली नाहीस ना?"