आमच्या साडूंची एकमेव फायनल

फुटबॉलच्या मॅनेजरचा म्हणून जो काही धर्म असेल, तो आमच्या थोरल्या साडूंइतका कोणी पाळला नसेल, हे मी बोईसरलाच काय, जगाच्या पाठीवर कुठेही सांगायला तयार आहे. साडू मूळचे कोल्हापूरचे, म्हणजे फुटबॉल अंगातच. तारापूरच्या रसायनाच्या कारखान्यात ऑपरेटर म्हणून ते लागले ते कंपनीच्या संघात बचावाला खेळायला मिळेल म्हणून. पगार किती ते त्यांनी नंतर विचारलं, असं आमच्या मेहुणीबाई सांगतात. काही वर्षं ते खेळलेही. मग सालवडच्या मैदानावर त्यांचा डावा गुडघा असा काही फिरला की डॉक्टरांनी जिना चढायलासुद्धा बंदी केली. दुसरा कोणी असता तर कॅरमकडे वळला असता. साडूंनी स्वतःला मॅनेजर नेमलं. कंपनीत असं पदच नव्हतं, त्यामुळे त्यांना त्यावरून काढताही येत नव्हतं.

या नेमणुकीमागे होंडुरास नावाचा देश होता. तिथला एक जुना बचावपटू, त्याचाही गुडघा गेला, मग म्हणे त्याने केळीच्या बागांतल्या मजुरांचा संघ हाती घेतला आणि पडतझडत देशाच्या संघाचा मॅनेजर झाला. साडूंनी एकदा टीव्हीवर त्याला कोट घालून मैदानाच्या कडेला उभं असलेलं पाहिलं आणि तो त्यांचा गुरू झाला. त्याचं नाव ते घेत नसत, ‘आमचे सर’ म्हणत. सर कुठे हरले, त्यांना कोणी काढलं, पुन्हा कोणी बोलावलं, हे सगळं घरी येणाऱ्याला जेवता जेवता ऐकावं लागे. मुलीला पाहायला आलेल्या मंडळींनी एकदा भीत भीत विचारलं, “हे सर कुठे असतात?” साडू म्हणाले, “मध्य अमेरिकेत,” आणि पुढचा सामना सांगायला घेतला. ते स्थळ जमलं नाही.

सर कोट घालतात म्हणून साडूही घालू लागले. स्वतःच्या लग्नातला कोट, आणि तोही बोईसरच्या मे महिन्यात, जिथे माणसाला अंगावर बनियन नको होतो. मेहुणीबाईंचं म्हणणं एवढंच होतं, “लग्नात दहा मिनिटांत काढून ठेवला होता. मी म्हटलं, उकडत असेल बिचाऱ्यांना.” सामन्याआधी ते स्वतः चुन्याची फक्की घेऊन मैदानाच्या कडेला एक चौकोन आखत आणि शेवटच्या शिट्टीपर्यंत त्यातून बाहेर पाऊल टाकत नसत. खरी परीक्षा मात्र संघ निवडताना असे. इतर मॅनेजर खेळ पाहून संघ निवडतात, साडूंना शिफ्ट पाहून निवडावा लागे. फॉर्मात आलेला स्ट्रायकर नेमका त्या आठवड्यात सेकंड शिफ्टला असला, की त्याचा फॉर्म रिअ‍ॅक्टरपाशी उभा राहून वाया जाई. मग साडू सुपरवायझरला चहा पाजत, ह्याची ड्युटी त्याच्याशी बदलत, कोणाच्या आजारी आईला स्वतः पालघरच्या दवाखान्यात नेत. एवढं करून संघ बहुधा पहिल्याच फेरीत हरे.

मागच्या वर्षी कंपनीने ठरवलं, की हंगाम संपला की संघ बंद आणि मैदानावर टँकर उभे करायचे. आणि नेमका त्याच हंगामात संघ पहिल्यांदा फायनलला पोहोचला. मी भेटायला गेलो तेव्हा साडू कोटाला इस्त्री करत होते. मान वर न करता म्हणाले, “साडूभाऊ, एकदा फायनलला त्या कडंला उभं राहायचं बघा. मग तिथं टँकर लावूद्यात न्हाईतर विमानं.” इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मी ऐकलं ते हे एवढंच.

रविवारी सकाळी नऊचा सामना. आमचा गोलकीपर जयेश, जवळच्या पाम गावचा पोरगा, नाईट करून सातला सुटणार होता. त्याला न्यायला आम्ही दोघे गेटवर उभे राहिलो. आठ वाजले तरी तो येईना. वॉचमनने आत फोन लावून दिला. जयेश म्हणाला, “दादा, रिलीव्हर आला नाय. मी जागा कशी सोडू? तुमी जा, दुसऱ्याला उभा करा.” पुढचा माणूस आल्याशिवाय ऑपरेटरला प्लांट सोडता येत नाही, हे साडूंइतकं कोणाला ठाऊक असणार? आणि दुसरा गोलकीपर आमच्याकडे नव्हता. साडूंनी फोन ठेवला आणि कोट काढून माझ्या हातात दिला.

“जयेशला घेऊन जावा. त्याच्या जागी मी थांबतो.”

“अहो, आज तुमची सुट्टी आहे. आणि ही फायनल आहे. तुमच्या सरांनी तरी असं केलं असतं का?”

“सरांकडं रिलीव्हरची भानगड न्हवती,” म्हणाले, आणि आत गेले.

तीन वाजता साडू सुटले तेव्हा गेटवर मी होतो आणि जयेश होता. तो घरी झोपायला गेलाच नव्हता. साडूंनी लांबूनच हात वर केला. “निकाल सांगू नका. पहिल्यापासनं सांगा.” चहाच्या टपरीवर बसून मी सामना सांगायला लागलो. साडू मध्येच, “उजवीकडं मोकळं हाय, तिकडं टाका की,” असं ओरडत. टपरीवाला चहा गाळायचा थांबला. दुसऱ्या हाफमधल्या त्या एका चेंडूपाशी मी आलो. तेव्हा जयेशच बोलला, “माझ्या पायातून गेला, दादा. समोर दिसत व्हता, पन पायच हलला नाय.”

“रातभर उभा व्हतास,” साडू त्याला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “पुढं सांगा.” मी शेवटच्या शिट्टीपर्यंत सांगितलं. त्या वेळी मला फार वाईट वाटलं, आणि हा माणूस माझा साडू आहे याचा अभिमानही वाटला.

आता तिथे टँकर उभे असतात. मी बोईसरला गेलो की जेवणं झाल्यावर साडू तक्क्याला टेकतात आणि म्हणतात, “हं, पहिल्यापासनं सांगा.” मी सांगतो. ते कधी स्ट्रायकर बदलतात, कधी बचावात एक माणूस वाढवतात, आणि दरवेळी आम्ही त्याच एका गोलाने हरतो. आजवर त्यांनी संघातले दहाही जण बदलून पाहिले आहेत. जयेशला मात्र एकदाही बाहेर काढलेलं नाही.