दादऱ्याखालचा पाहुणा

माझ्या हातून एका कोळ्याला बुरशी लागली. म्हणजे कोळ्याला नाही, त्याच्या घराला. पण सासुरवाडीत एवढा फरक कोण करतंय!

नव्वदचं दशक नुकतंच लागलेलं आणि माझं लग्नही. डोंबिवलीत कोपरच्या बाजूला, खाडीची दमट हवा फुकट मिळते अशा दोन खोल्यांत आम्ही राहत होतो: मी, बायको आणि आई. माझा मेहुणा शिरीष कॉलेजात प्राणिशास्त्र शिकायचा. त्याने कुठल्याशा जंगलातून तळहाताएवढा केसाळ कोळी आणून कल्याणजवळ मोहन्याला, स्वतःच्या घरी पाळलेला. "घरात एक तर तो राहील, नाही तर मी," असं सासूबाईंनी जाहीर केलं आणि नेमकी तेव्हाच शिरीषची अभ्याससहल निघाली.

"माझ्याकडे ठेव की!" मी सासूबाईंच्या देखत छाती काढून म्हणालो. (त्यांनी लग्नात दिलेली तुळस मी महिन्याभरात वाळवून दाखवली होती. तेव्हापासून सासरी सगळे माझ्याकडे रिकाम्या कुंडीकडे बघावं तसे बघायचे. नाव सुधारायची हीच संधी होती.)

"भाऊजी, फार काही करू नका," काचेची पेटी सोपवताना शिरीष म्हणाला. "खाली काथ्याचा भुगा आहे, तो थोडा ओलसर ठेवा. थोडा हं!"

थोडा? तुळशीच्या वेळची चूक पुन्हा करणारा माणूस मी नव्हे! इस्त्रीचा फवारा घेऊन मी सकाळ-संध्याकाळ पेटीला अंघोळ घालू लागलो. आईला वेगळीच काळजी. "पाहुण्याला उपाशी काय ठेवता रे?" म्हणून ती गुपचूप तूप-पोळीचे तुकडे आत टाकायची. पाहुण्याने झुरळं खाल्ली, पोळीला तोंड लावलं नाही.

मग एके सकाळी भुग्यावर पांढरेशुभ्र, कापसासारखे धागे दिसले.

"जाळं विणतोय!" मी ओरडलो. "त्याला आपलं घर आवडलं!"

मी सगळी बिल्डिंग बोलावली. खालच्या मजल्यावरचे बिल्डिंगचे मालक म्हात्रेकाका पेटीत डोकावले, मग माझ्या हातातल्या फवाऱ्याकडे बघत म्हणाले, "आरं, पानी कवरा मारतंस? भात लावाचाय का आत?"

आठवड्याभरात जाळं हिरवं झालं.

"अहो, जाळं हिरवं असतं का?" बायकोने विचारलं.

"पावसाळ्यात असेल."

आईने पेटीवर वाकून एकदाच वास घेतला. "जाळं कसलं डोंबलाचं? बुरशी आहे ही! माझ्या लोणच्याला कधी आलीये का? सरक बाजूला!"

आणि मग त्या पेटीचं लोणच्याच्या बरणीसारखं सगळं साग्रसंगीत झालं. आधी पाहुण्याला हलवायचं. ते काम बायकोने झारा आणि पुठ्ठा घेऊन केलं. (मी स्टुलावर उभा राहून मार्गदर्शन केलं.) तो एका रिकाम्या चिनी मातीच्या बरणीत गेला आणि आईने तोंडाला फडका, म्हणजे आमच्याकडचा दादरा, नाडीने गच्च आवळला. भुगा फेकला. पेटी उकळत्या पाण्याने धुतली. मग निखाऱ्यावर हिंग टाकून आईने पेटीला अशी काही धुरी दिली, की पेटीकडे बघून मला भूक लागायला लागली.

पण ऊन कुठे होतं? पेटी वाळेना. तोवर बरणी कुठे ठेवायची, तर मीच डोकं चालवलं: लोणच्याच्या फळीवर! तिथे आईशिवाय कोणाची हात लावायची छाती नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझे सासरे, नाना, अचानक दारात हजर. आई भजनाला गेलेली, बायको ऑफिसात, मी एकटा.

"काय म्हणतो आमचा कोळी?"

"मजेत!"

"बघू तरी."

"झोपलाय," मी म्हणालो आणि त्यांची खुर्ची रिकाम्या पेटीकडे पाठ करून मांडली.

चहा झाला. रिकाम्या हाताने कसं पाठवणार? आईच्या लोणच्याचं नाव थेट कल्याणपर्यंत होतं. फळीवर डावीकडे कोळी, उजवीकडे लोणचं, हे मला पक्कं माहीत होतं. आईने सकाळी फळी पुसली, हे माहीत नव्हतं. उजवीकडची बरणी जरा हलकी लागली, पण म्हातारपणी ओझं कमीच बरं! फडका सोडून एकदा बघावंसं वाटलं, पण नको. दमट हवा आत गेली की बुरशी धरते, आणि बुरशीच्या बाबतीत मी आता पोळलेला माणूस होतो!

"नाना, हात कोरडा करूनच घाला हं आत," मी वर त्यांना बजावलं.

संध्याकाळी पेटी वाळली. मी मोठ्या थाटात बरणी उतरवली, नाडी सोडली. आत आंबा!

मी जिने उतरलो की पडलो, आठवत नाही. आख्ख्या बिल्डिंगीत फोन म्हात्रेकाकांकडेच. मोहन्याला सासूबाईंनी उचलला.

"नाना पोचले?"

"हे काय, पानावर बसलेत. तुमच्या आईंचं लोणचं समोर घेऊन!"

"उघडलं नाही ना?"

"नाडी सोडतायत."

"सोडू नका म्हणावं!"

"का हो?"

खरं सांगावं, तर डोळ्यांसमोर ती वाळकी तुळस! मी म्हणालो, "बुरशी आलीये त्याला!"

"अगंबाई! मग उघडून बघायलाच हवं. अहो, बघा हो आत नीट!"

मग ताट पडल्याचा आवाज आला. मग पाटाचा. मग नानांचा, पण तो इतका वरच्या पट्टीत, की आधी मला सासूबाईंचाच वाटला. शेवटी खणकन परात आपटली.

"जावईबापू," सासूबाई थंडपणे म्हणाल्या, "मी परात झाकलीये त्याच्यावर. नकोसा झाला होता तर तोंडाने सांगायचं. ह्यांच्याच हाती बांधून पाठवायचा?"

फोन ठेवला. शेजारी उभे म्हात्रेकाका म्हणाले, "काय झाला रं?"

"लोणचं पोचलं," मी म्हणालो.

शिरीष सहलीहून परतल्यावर आम्हाला मोहन्याला जेवायला बोलावणं आलं. मी मान खाली घालून गेलो. तर शिरीष खूश! "भाऊजी, ताईने बुरशीचं सांगितलं. मानलं तुम्हाला! त्या बुरशीत राहिला असता तर गेलाच असता. वेळेवर कोरड्या बरणीत हलवलात म्हणून वाचला."

मी हळूहळू मान वर केली. छातीही थोडी काढली. "अनुभव लागतो," एवढंच म्हणालो.

"आणि ती बरणी पोचवली कोणाच्या पानावर, तेही सांगा की!" सासूबाई वाढता वाढता म्हणाल्या.

नाना भात कालवत होते. वर न बघता ते सासूबाईंना म्हणाले, "त्यांना कशाला बोलतेस? आपणही मुलगी देताना वरचा दादराच बघितला. तेव्हाच उघडून बघायला हवं होतं."