गिरजाबाईचा गेरू

शेवटच्या भेटीत गिरजाबाईने मला विचारलं, "मेंढरं टोचली का गं?" परभणीच्या दवाखान्यातली खाट, अंगावर कातडं तेवढं उरलेलं, आणि विचारणं मेंढरांचं. "समदी टोचली," मी म्हणाले. "गाभण्या बाजूला काढल्या व्हत्या का?" "काढल्या." तिने डोळे मिटले. घरातल्या पोरींचं नावही नाही... मी तांब्या विसळायचं निमित्त करून बाहेर आले आणि नळापाशी रागाने रडले. चार दिवसांनी ती गेली. त्याला आता दीड महिना झाला. राग गेलेला नाही.

गिरजाबाई माझी थोरली जाऊ. आम्ही मेंढरंवाले, येलदरी धरणाच्या पाण्याच्या कडेने चारणारे. मी चौथी शिकलेली आणि बोलायला भित्री, म्हणून घरातले कागद वाचायचं काम माझं, आणि काय करायचं ते ठरवायचं काम तिचं. पावसाआधी जनावरांचे डॉक्टर लस टोचायला आले की ती पदर खोचून पुढे व्हायची. एकेक मेंढरू गुडघ्यात धरायची, सुई टोचली की वाटीतल्या गेरूत अंगठा बुडवून त्याच्या कपाळावर ओढायची. एकही सुटायला नको, एकालाही दोनदा नको. डॉक्टरांना दटावायची, "सायेब, घाई कशाची करायलाय? सासरवाडीला जायचंय व्हय?" एका वर्षी मात्र घाई तिनेच केली. दोन गाभण मेंढ्या इतक्या आवळून धरल्या की दोघींचा गाभ पडला. पोट दाबलं गेलं, असं डॉक्टर म्हणाले. तिने दोष सुईला दिला. तेव्हापासून गाभण्या बाजूला, हा तिचा कायदा.

नंतर शाळेतून दोन कागद आले. एक तिच्या रेणूचा, एक माझ्या पूजाचा. दोघी चौदाच्या. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची लस, पालकांची सही हवी, असं मी वाचून दाखवलं. "बास कर," बाई म्हणाली. "मेंढ्यांचं काय झालं बघितलं न्हाईस? पोरींची कूस बुजवायलीस व्हय?" नर्सबाई घरी आल्या, ओट्यावर बसून त्यांनी सांगितलं, की हा रोग एका विषाणूने होतो. तो बहुतेकींच्या अंगातून आपोआप जातो, काहींच्या राहतो आणि पुष्कळ वर्षांनी कॅन्सर होतो. तो नवराबायकोच्या संबंधातून येतो, म्हणून लस त्याच्या आधीच, या वयात. लशीने मूल होण्याला काही बाधा येत नाही. "आमच्या पोरी तसल्या न्हाईत," बाई म्हणाली. "आक्का, तुमच्याआमच्यासारख्या संसारी बायांनाच होतो." "ऊठ. न्हाईतर कुत्रं सोडते." दोन्ही कागद चुलीत गेले. पूजा माझ्या पोटची. तिचा कागद जळताना मी भाकरी थापत होते... थापतच राहिले.

आणि मला माहीत होतं. पाळी जाऊन तीन वर्षं झालेल्या बाईच्या लुगड्याला रक्ताचे डाग असायचे, धुणं मीच धुवायचे. "कुणाला सांगशील तर बघ," ती म्हणाली होती. मी कुणाला सांगितलं नाही. परभणीचे डॉक्टर म्हणाले, तोच कॅन्सर आहे, लवकर यायला पाहिजे होतं. तिला तपासणीची लाज, मला तिची भीती. तिच्यावर राग धरते तेव्हा निम्मा माझ्यावरच येतो, पण निम्माच. बाकीचा तिचा आहे.

तेरावा झाल्यावर नर्सबाई लशीतून सुटलेल्या पोरींचे कागद घेऊन पुन्हा आल्या. मला म्हणाल्या, "ताई, लस पोरींना, पण तुम्ही तपासणीला या. पुढं पोरींनाही तपासणी चुकत नाही." पूजाच्या कागदावर मी तिथंच सही केली. रेणूचा कागद तिच्या वडिलांकडे, माझ्या थोरल्या दिरांकडे गेला. ते म्हणाले, "ती न्हाई म्हणली व्हती. मेलेल्या माणसाचा शब्द मोडू न्हाई."

वीस वर्षांत मी त्यांच्यासमोर बोलले नव्हते. दाराआडूनच विचारलं, "भाऊजी, बाई कशानं मेल्या?"

ते काठी घेऊन उठायला लागले. मी पुढे विचारलं.

"मेंढराला रोग लागल्यावर टोचता का आदी?"

"आदी."

"मग रेणूनं काय पाप केलंय? मेंढराएवढी बी न्हाई का ती?"

भाऊजींनी काठी खाली ठेवली. मग म्हणाले, "कागद आण. पर अंगठ्याला शाई कुठाय?"

कोनाड्यात बाईची वाटी होती. यंदा मेंढरं टोचताना मी दुसऱ्या डब्यात गेरू कालवला होता, तिच्या वाटीला हात लावायची हिंमत झाली नव्हती. आता काढली. वाळलेल्या गेरूत तिच्या अंगठ्याचा खळगा तसाच होता. मी जराशी थांबले... आणि त्यावर पाणी ओतलं.

रेणूच्या कागदावर तांबडा अंगठा उमटला. वाटी मी धुतली नाही. पुन्हा कोनाड्यात ठेवली. पुढच्या पावसाआधी मेंढरांना लागेल.