टाइपरायटरचा हात

पेणच्या एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मी नोकरीला होतो. राहायला आम्ही रोह्याजवळ वरश्याला. बाबा रोह्यातल्या एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होते. एके दिवशी मालकांनी मला नेमकं त्याच ऑफिसात पाठवलं. मुंबईच्या ऑफिसने वापरून झालेला एक जुना कॉम्प्युटर तिथे आला होता आणि त्याचा कीबोर्ड बिघडला होता. बाबा घरी यातलं काहीच बोलले नव्हते.

आत शिरलो तर बाबा भिंतीला लागून उभे. त्यांनी ओळख दाखवली नाही.

"हे आमचे काका," साहेब मला म्हणाले. "जन्मभर टाइपरायटर बडवला, आता यावरही तसेच तुटून पडतात."

दोघं-तिघं हसले. बाबाही हसले.

त्या जुन्या मशीनला नवा कीबोर्ड चालणार नव्हता. मी तोच उलटा करून उघडला. सर्वांत जास्त लागणाऱ्या दोन अक्षरांखालचे स्विच खचले होते. कोपऱ्यातल्या, कधी न लागणाऱ्या बटणांचे चांगले स्विच काढून मी तिथे बसवायला घेतले.

"काका, यांना जरा बॅटरी दाखवा," साहेब म्हणाले.

बाबा जवळ आले. "इथे धरू का, साहेब?" त्यांनी मला विचारलं.

माझे कान तापले. "बाबा, थोडी खाली धरा," मी म्हणालो.

हसणं थांबलं. साहेब ओशाळून म्हणाले, "तुमचा मुलगा? बोलला नाहीत ते." बाबांनी मान खाली घातली. मी सोल्डरिंगचे डाग दिले, कीबोर्ड जोडला, दोन्ही अक्षरं पडद्यावर उमटली.

संध्याकाळी घरी चालत जाताना बाबा म्हणाले, "बाबा कशाला म्हणालास? एवढे दिवस ते हसायचे, मीपण हसायचो, भागत होतं. आता बापानं मोडलं नि पोरानं येऊन जोडलं."

"मला वाटलं, ते गप्प बसतील."

"बसले ना. आता त्यांच्यात मी कसा बसू?"

पुढे त्यांनी स्वतःहून टपालाचं टेबल मागून घेतलं. कॉम्प्युटरवर दुसरं कुणी आलं. त्या ऑफिसातून पुन्हा बोलावणं आलं, तेव्हा मी मालकांना दुसऱ्या कुणाला तरी पाठवा म्हणून सांगितलं. बाबांच्या समोरून हत्यारांची पेटी घेऊन आत जायची मला लाज वाटत होती.