प्रागच्या चर्चबाहेर काढलेले बूट

लॉकडाऊनमधली, परदेशातल्या आमच्या ट्रुगानिना उपनगरातली थंडगार सकाळ होती. पुण्याहून भाऊ व्हिडिओवर बाबांचे अंत्यसंस्कार दाखवणार होता. लॅपटॉपसमोर बसण्याआधी मी सपाता काढल्या, तर लेक म्हणाली, "बाबा, पुट देम ऑन. फ्लोअर इज फ्रीझिंग."

तळव्यांना फरशीचा गारठा लागला आणि मला प्राग आठवलं. युनीतलं शिक्षण संपवून नोकरीला लागल्यावर मी बाबांना युरोप दाखवायला नेलं होतं. व्हिएन्नाहून टूर बसने एका दिवसाची सहल. गाइडने एका जुन्या चर्चसाठी अर्धा तास दिला. बाबांनी पायरीवर बसून नाड्या सोडल्या, मोज्यांची घडी करून ती बुटांत खोचली आणि देवळाबाहेर ठेवतात तसे बूट भिंतीशी नीट लावून ठेवले. बसमधलं एक जोडपं बघत होतं.

"बाबा, बूट घाला. लोक बघतायत."

त्यांनी बूट पुन्हा घातले. मग म्हणाले, "तू ये बघून. मी बसतो इथेच."

दमले असतील, असं समजून मी आत गेलो आणि रंगीत काचांचे फोटो काढत राहिलो. बूट घालून ते आत येणारच नव्हते, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. बाहेर आलो तेव्हा त्यांनी विचारलं, "कसं होतं रे आत?"

"ठीक होतं. चला, बस सुटेल."

स्क्रीनवर भावाने फोन उंच धरला. सगळे बाबांजवळ होते. विमानं बंद होती, आणि या वेळी बाहेर मी बसलो होतो.