येसाजीचा केसाळ मुठा

कळंबच्या येसाजीला शेतातले मुठे धरायला ना काठी लागायची ना गळ. बांधातल्या बिळात उघडा हात घालायचा, खेकडा पाठीवरून दाबायचा आणि बाहेर काढायचा. एरवी माणूस साधा. सकाळी रिसॉर्टवर माळीकाम, दुपारनंतर घरची भातशेती. पण मुठ्यांचा विषय निघाला की स्वारी लगेच घोड्यावर.

त्या पावसाळ्यात लेक ऋतिकाचे सासरे, लोधिवलीचे वाल्मिकराव, पहिल्यांदाच राहायला आले. त्यांच्याकडे म्हणे मुठे चिमट्यानं धरतात! झालं. बायकोला, सोनाबाईला, मसाला वाटायला सांगून येसाजी व्याह्यांना घेऊन बांधावर गेला. आता इज्जतीचा सवाल होता.

मुठ्याच्या बिळापाशी ओल्या चिखलाच्या गोळ्या असतात, हे कळंबमधलं शेंबडं पोरही सांगेल. येसाजी ज्याच्यापाशी बसला ते बीळ होतं बांधाच्या उंच, सुक्या अंगाला आणि तोंडाशी जाळ्याचं मऊ अस्तर. पण येसाजीचे डोळे व्याह्यांकडे आणि तोंडाची टकळी सुरू. घातला की हो हात कोपरापर्यंत!

आत काहीतरी पंजावर चढलं आणि निवांत बसलं. मऊ, केसाळ. जमिनीत बीळ करून राहणारा थोरला कोळी होता तो, आणि येसाजीची कोळ्याला बघून गाळण उडायची. घरात पाल चालेल, कोळी नाही. बोंबलावं तर लोधिवलीपर्यंत अब्रू जाणार, म्हणून बिचारा घामाघूम होऊन नुसता हसत बसला. व्याह्यांनी विचारलं, निघत नाही का? येसाजी म्हणाला, दमवतोय जरा.

शेवटी राहवेना. हात बाहेर काढला तर मनगटावर हा भला मोठा कोळी. वाल्मिकराव जे मागे उडाले ते थेट लावणीच्या चिखलात. कोळी मात्र सावकाश उतरून आपल्या घरी गेला.

व्याही चिखलातून उठायच्या आतच दोघांचं ठरलं, घरी अवाक्षर काढायचं नाही. रिकामी टोपली पाहून सोनाबाईनं डोळे वटारले, तेव्हा वाल्मिकरावांनीच पुढं होऊन सांगितलं, मुठा एवढा मोठा होता की दया आली, दिला सोडून.

सोनाबाईनं वाटलेल्या मसाल्याकडे बघितलं, मग दोघांकडे.

"येवढा मोठा हाय तर लांब कशाला गेला असंल? जावा तसंच, तोच धरून आना. थांबा, मी बी येते बघायला."