एकाच आईची लेकरं

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. शहापूरच्या विज्ञान प्रदर्शनात मला बक्षीस मिळवून देणारा शोध माझा नव्हता. तो आमच्या मुरबाडकडच्या शाळेतल्या शिपायाचा होता.

काही सांगायचं असलं की तो आधी टोपी काढून झटकायचा. एकदा मी वर्गात आफ्रिकेतलं शेपटीवालं फुलपाखरू शिकवत होतो. नर सगळीकडे सारखा, माद्या मात्र प्रदेशागणिक वेगळ्या, विषारी फुलपाखरांची सोंगं घेणाऱ्या. वर्गातल्या मागच्या भिंतीवरच्या काचेच्या पेटीत मी आपल्याकडची दोन काळी फुलपाखरं टाचली होती, एक पांढऱ्या पट्ट्याचं, एक लाल ठिपक्यांचं. खाली दोन जातींची नावं होती.

दारात टोपी झटकून तो म्हणाला, "सर, आफ्रिकेतल्या बाया वलखता, आपल्या नाय वलखत? ही एकच जात हाय."

"तू घंटा वाजव," मी म्हणालो. वर्ग हसला.

त्याने वाद घातला नाही. लाल ठिपक्यांची मादी शाळेच्या आवारातल्या कढीपत्त्यावर अंडी घालताना दिसली, तेव्हा त्याने त्या फांदीला मच्छरदाणी बांधली. महिन्याभराने सगळी शाळा झाडाभोवती जमली. जाळीत दोन्ही प्रकारची फुलपाखरं पंख वाळवत होती.

"बगा, एकाच आयची लेकरं!" तो ओरडला. पोरांनी त्याला खांद्यावर घेऊन मैदानभर मिरवलं.

प्रदर्शनातल्या तक्त्यावर मात्र मी फक्त माझं नाव लिहिलं.

निवृत्तीनंतर माफी मागायला शेणव्याला त्याच्या घरी गेलो. "हेच आमचे सर," तो बायकोला अभिमानाने म्हणाला, "पाखरांचं बक्षीस यांनीच आनलं." मी तोंड उघडलं आणि चहा छान झालाय, एवढंच म्हणालो.